पहिल्या धारेचं तेल

"पाय इकडे करा म्हणते ना!"

"अगं, भट्टी चालू आहे."

"चुलीत गेली ती भट्टी! आधी पाय."

आमच्या ह्यांनी मोजा काढला आणि मी वाकून बघितलं. एवढ्या उकाड्यात माणूस एकाच पायात मोजा घालून लंगडतो, त्या पायातली चप्पल अंगणातच टाकून फिरतो, तेव्हाच मला संशय आला होता. मागच्या आठवड्यात भट्टीवरच्या टाकीच्या झाकणाची कड पावलाला लागली होती, ती जखम. तिच्याभोवती सगळं पाऊल लालभडक, वर पाण्याचे फोड, कातडी सोलवटलेली.

"दुखत नाही?"

"नाही ना. म्हणून तर बोललो नाही."

आमचा धंदा तेलाचा. गवती चहाच्या पात्या टाकीत भरायच्या, खाली जाळ करायचा, वाफ नळीतून थंड होऊन बाहेर येते आणि पाण्यावर तेल तरंगतं. जंतू मारतं म्हणून लोक नेतात. एकदा प्रयोगशाळेतली एक मुलगी तेल घेऊन गेली आणि नंतर फोटो दाखवायला आली. काचेच्या बशीत जंतूंची साय धरलेली, मधोमध आमच्या तेलाचा थेंब आणि त्याच्याभोवती स्वच्छ गोल. तेव्हापासून ह्यांना आभाळ ठेंगणं. डास चावला, लाव तेल. नाक चोंदलं, घाल पाण्यात तेल. मी रुसले तर मलाही तेलच लावतील, असं वाटायचं.

"काय लावलंत ह्याला?"

"आपलंच. पहिल्या धारेचं. सकाळ-संध्याकाळ."

"नुसतं? कशात न मिसळता?"

"मिसळून त्याचा जोर कशाला घालवायचा?"

'पातळ केल्याशिवाय कातडीला लावू नये' असं लेबल प्रत्येक बाटलीवर असतं. ते चिकटवतं कोण? हेच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

ह्यांना साखरेचा आजार आहे, त्यानं पावलं बधिर झालीत. ह्यांच्या मोठ्या भावालाही आहे. त्यांना अशीच एक बारकीशी जखम झाली आणि एक पाय गुडघ्याखालून गेला. हे डॉक्टरांचं नाव का काढत नव्हते, ते मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त संताप येत होता.

माझा आवाज ऐकून मोठे भाऊजी कुबड्या टेकत आले. त्यांनी ते पाऊल बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. स्टूल ओढून ते भट्टीपुढे बसले.

"जा तुम्ही. धार मी बघतो."

रिक्षात हे हळूच म्हणाले, "दादासारखं झालं तर गं?"

"अभद्र बोलू नका," मी खेकसले. पण त्यांचा हात काही मी सोडला नाही.

दवाखान्यातली डॉक्टरीण आमच्या धाकट्या मुलीच्या वयाची. वाकली आणि नाक आक्रसून म्हणाली, "हा कसला वास?" मी तेलाचं सगळं सांगून टाकलं. तिने जखम दाबून पाहिली, बोटं पाहिली, घोट्याशी नाडी पाहिली. मी मनातल्या मनात सगळे देव पाण्यात घालून बसले होते.

"जखम भरत आलीय, आजोबा. पू नाही, रक्तही नीट पोचतंय."

"मग हे लाल?"

"हे भाजलंय. तुमच्या तेलानं."

ह्यांचा जीव अजून धंद्यातच. "पण त्यानं जंतू मरतात ना?"

"मरतात की. पण बशीत नुसते जंतू असतात, आजोबा. इथे तुम्ही पण आहात."

"पाय?" मी विचारलं.

"राहील हो, आजी. मलम देते, रोज पट्टी बदला. तेल बंद. आणि पुन्हा काही लागलं, तर दुखलं नाही तरी त्याच दिवशी यायचं."

मला तिथेच रडू फुटलं आणि रडता रडता हसूही. म्हटलं, "बाई, ते लेबल आता ह्यांच्या कपाळावर चिकटवते!"

"चिकटव," हे म्हणाले. मला वाटतं, आमच्या संसारात हे माझं पहिल्यांदाच इतक्या मुकाट्याने ऐकत होते.

घरी आलो तर भाऊजी दारातच उभे. आमच्या तोंडाकडे बघितलंच नाही त्यांनी. नजर थेट खाली, पट्टीवर.

"आणलास पाय?"

"आणला, दादा."

भाऊजींनी नुसती मान हलवली. मग म्हणाले, "धार चांगली लागली आज," आणि कुबड्या फिरवून भट्टीकडे निघाले.

उंबऱ्याशी त्यांची एकुलती एक चप्पल होती. तिच्याजवळ ह्यांची, पाय मावेना म्हणून सकाळी अंगणात राखेत पडलेली. कुणीतरी ती पुसून भिंतीशी सरळ लावली होती आणि शेजारी एका चपलेची जागा मोकळी सोडली होती.

ह्यांनी माझ्या खांद्याला धरून दुसऱ्या पायातली चप्पल काढली आणि त्या जागेत ठेवली.