तीन मिलिमीटर

माझ्या धाकट्या भावाने आजवर एकही मोठी वस्तू मला विचारल्याशिवाय घेतली नव्हती. चष्मा, सायकल, मुलाखतीला घालायचा शर्ट, भाड्याचं घर, सगळं मी बघून दिलेलं. बायको तेवढी त्याने स्वतः शोधली आणि मग मला दाखवायला आणली. मी हो म्हटलं, कारण तो आधीच हो म्हणून बसला होता. तेव्हाच काहीतरी खुसपट काढायला हवं होतं, असं मला गेल्या वर्षभरात बऱ्याचदा वाटलंय.

ती पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. दिसायला बरी, बोलायला मऊ, आणि वागण्याला नाव ठेवायला जागा नाही. हेच तर माझ्या डोक्यात जातं. भावजय जरा तरी आळशी असावी, उद्धट असावी, म्हणजे चार माणसांत बोलायला काहीतरी मिळतं. मला काही म्हणजे काही मिळत नव्हतं.

तर कॉम्प्युटर. भाऊ घरून काम करतो. इमारत बांधायच्या आधी ती कशी दिसेल, याची चित्रं तो बनवून देतो. त्याचा जुना लॅपटॉप एका चित्राला अख्खी रात्र घ्यायचा आणि कधी कधी पहाटे मध्येच मान टाकायचा. म्हणून सुटे भाग आणून घरच्या घरी नवीन कॉम्प्युटर जोडायचं ठरलं. ठरलं, हे मला तिच्याकडून कळलं. खरं तर हा बेत माझा आणि त्याचा. तो शाळेत होता तेव्हा आम्ही मोडका रेडिओ उघडून बसायचो आणि तो म्हणायचा, ताई, मोठेपणी आपण दोघं कॉम्प्युटर बनवू. मोठेपण आलं, कॉम्प्युटरही आला, आणि दोघांतली दुसरी भलतीच निघाली.

रविवारी जेवायला गेले तर दोघं टेबलाशी डोक्याला डोकं लावून बसलेली. आधी प्रोसेसर ठरवायचा. मग तो ज्याच्या सॉकेटमध्ये बसतो असाच मदरबोर्ड. त्या बोर्डावर कुठल्या पिढीची रॅम चालते ते बघायचं, आणि सगळ्यांना मिळून वीज किती लागेल तेही. एक भाग बदलला की पुढचे दोन-तीन बदलावे लागतात, असं ती मला समजावून सांगत होती. महिनाभर वाचत होती म्हणे. भाऊ तिच्याकडे इतक्या कौतुकाने बघत होता की माझं ताट रिकामं झालंय, हे त्याच्या गावीही नव्हतं. मी आपलं सुचवलं की रॅम जरा जास्तच घ्या, पुढे लागते. ते तिने आधीच धरलंय, ताई, असं म्हणून तो हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निघताना तिने मला एक काम दिलं. हे सगळं ज्यात बसवायचं ते कॅबिनेट मी निवडून आणावं, कारण दिसण्यातलं मला जास्त कळतं. म्हणजे डोक्याचं काम तिचं आणि डबा माझा. वर एक सूचनाही दिली. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर तिने घेऊन ठेवला होता, तो एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर उंच होता. प्रोसेसरपासून झाकणाच्या काचेपर्यंत तेवढी जागा आहे का, एवढं मी मोजून घ्यावं. मोजायचं मला सांगतेय. चित्रांना फ्रेम करायचं दुकान आहे माझं. लोकांच्या लग्नाचे फोटो आणि पोरांची प्रशस्तिपत्रकं मी काचेत बसवते. मापं घेण्यात जन्म गेला.

दुकानदाराने दोन कॅबिनेटं दाखवली. एक काळं, रुंद, बोजड. दुसरं पांढरं, आटोपशीर, एका बाजूला अख्खी काच. अशी सुरेख काच मीही रोज लावत नाही. नमुना म्हणून त्यात आत बोर्ड आणि प्रोसेसर जोडून ठेवलेला होता. मी टेप लावली. एकशे पंचावन्न. पुन्हा लावली, तरी एकशे पंचावन्नच. शेजारच्या काळ्यात हवी तेवढी जागा होती.

मी दोन्हींच्या मध्ये उभी राहिले आणि माझ्या मनात आलं, एकदा चुकू दे की हिचं. फार नाही, तीन मिलिमीटर. त्याला दिसू दे की हिचंही चुकतं. तेवढ्यात तिचाच फोन आला, जागा पुरतेय ना, असं विचारायला.

"पुरतेय," मी म्हटलं. "एकशे साठ भरली."

पांढरं घेऊन मी घरी आले. जेवणही व्यवस्थित गेलं.

पुढच्या रविवारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत जुनी चादर अंथरून आम्ही तिघं बसलो. तिने प्रोसेसर कडेला धरून अलगद सॉकेटमध्ये ठेवला, दांडी खाली केली. रॅमच्या पट्ट्या कट आवाज करत बसल्या. कूलर बसवला, वायरी जोडल्या, मागून बांधून घेतल्या. भावाने बटण दाबलं. पंखे फिरले आणि थोड्या वेळाने पडद्यावर अक्षरं आली. त्याने तिला उचलून गरागरा फिरवलं. माझ्याकडे बघून त्याने अंगठा दाखवला. मीही दाखवला.

मग काच. ती माझ्याकडे दिली, काचेचं काम म्हणून. मी ती खालच्या खाचेत टेकवली आणि वर नेली. कूलरच्या तांब्याच्या नळ्या बाहेर आल्या होत्या, त्यांना काच टेकली आणि थांबली. भावाने ढकलून बघितलं. मी म्हटलं, जोर लावू नकोस. त्याने दोनदा कूलर बघितला, मग बायकोकडे वळला.

"महिनाभर वाचत होतीस ना? मग एवढी साधी गोष्ट राहिली कशी?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी काचेकडे बघितलं.

"राहिली खरी," ती म्हणाली. "चुकलं माझं."

तो वैतागून उठला आणि कूलर परत घेतात का ते विचारायला फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. दार लोटलेलं होतं. खोलीत आम्ही दोघीच उरलो. मी काच मांडीवर धरून बसले होते आणि माझे कान तापले होते.

"ताई, तुम्ही दोन-तीन मिलिमीटरही चुकत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या दुकानात बसून पाहिलंय मी. अर्ध्या मिलिमीटरसाठी तुम्ही पट्टी पुन्हा कापता."

आता नाही म्हणण्यात काही अर्थ नव्हता. मग त्याला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

"सांगून काय होणार? तुमच्याबद्दल तो माझं काही ऐकून घेत नाही. लग्नानंतर एकदा बोलून बघितलं होतं, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आज तर म्हणाला असता, स्वतःची चूक ताईवर ढकलतेस."

खोटं कशाला सांगू, मला आधी आनंदच झाला. असा आनंद की हसू दाबायला मला खाली बघावं लागलं. वर्षभर मी जळत होते, रात्री कूस बदलत होते, आणि माझी जागा मुळात कोणी घेतलीच नव्हती. तिला इकडे घास गोड लागत नसेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

ती माझ्या उत्तराची वाट बघत नव्हती. ती चादरीवरचे स्क्रू वेचून वाटीत टाकत होती. एक स्क्रू माझ्या पायापाशी होता, तो मात्र तिने घेतला नाही. एवढ्याशा गोष्टीने माझा आनंद आंबला. मी भांडले असते, तिने चार शब्द सुनावले असते, तर मला सोसलं असतं. पण ही बाई वर्षभर माझ्या भावाच्या घरात तोंड मिटून राहत होती आणि त्याचं कारण मी होते.

भाऊ बाहेर आला. उघडलेला माल परत घेत नाहीत, म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून तिला ऐकवलं, की ताईने इतकं छान कॅबिनेट आणलं आणि तुझ्या कूलरने घाण केली.

"मोजलं होतं मी," मी म्हटलं. "एकशे पंचावन्न भरलं होतं. हिने विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं."

तो हसला. मोकळेपणाने, अगदी लाडाने हसला. "तिला वाचवायला तू काहीही बोलशील, ताई." आणि तिला म्हणाला, "बघ. मोठं मन याला म्हणतात."

तिने वर बघितलं नाही. माझा संताप झाला, त्याचा आणि माझाही.

"मोठं मन गेलं खड्ड्यात. माझ्या दुकानातून कधी चुकीच्या मापाची फ्रेम गेलीये? आठवून सांग एक."

तो आठवायला लागला. आठवताना त्याचा हात माझ्या खांद्यावरून खाली आला. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"तुला माहीत होतं?" त्याने बायकोला विचारलं. तिने मान डोलावली. "मग बोलली का नाहीस?"

"ऐकलं असतंस?"

तो तिच्या शेजारी चादरीवर बसला, तिच्या हातातला पेचकस घेतला आणि कूलरचे स्क्रू सोडवायला लागला. तिने वाटी पुढे धरली. एक स्क्रू, मग दुसरा. त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला टेकला होता आणि त्याने तो काढला नाही. आणि मी जळले. खरं बोलूनसुद्धा तितकीच जळले.

"काच खाली ठेव, ताई," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुझ्याकडून फुटेल."

मी काच भिंतीला टेकवून ठेवली आणि चपला घातल्या.