सरावात गेलेला

"सरावात गेलेल्यांची नावं आपण वाचत नाही, अंकल," नावांची यादी करणारा इलियास म्हणाला. "फक्त लढाईत कामी आलेल्यांची."

आखातातल्या मनामा शहरात, चर्चच्या हॉलमध्ये मिस्सा संपून चहा चालू होता. पुढच्या शुक्रवारी युद्धात मेलेल्यांसाठी प्रार्थना होती. मोठ्या भावाचं नाव द्यायला बर्नार्ड तुस्कानो मुलीला, रेबेकाला घेऊन आले होते. वय सत्त्याऐंशी, पण आवाज अजून सित्र्याच्या रिफायनरीतल्या फिटरचा.

"का? तो विमानात खेळायला बसला होता?"

"तसं नाही हो..."

"मग कसं? बाँब टाकायचा सराव करा म्हणून त्यांनीच धाडलं ना त्याला? विमान टेकडीवर आपटलं. बाँब खोटे असतील, आग काय खोटी होती?"

लोक वळून बघू लागले. "पप्पा, खलास. चला घरी," रेबेका कुजबुजली.

"तू गप्प बस!"

हा भाऊ, ब्लेझ, दुसऱ्या महायुद्धात बाँबर विमानात मागे बसणारा गनर होता. वीस वर्षांचा. त्याला तिकडेच पुरलं. कुठे, ते वसईला घरी कुणी कळवलंच नाही. बर्नार्ड तेव्हा लहान होते, पण गाव काय बोललं ते त्यांनी ऐकलं होतं. 'लढाईला पोचलाच नाही पोरगा.' आई मग पहाटेच्या मिस्सेला जायला लागली, कुणी भेटू नये म्हणून. मरेपर्यंत तशीच गेली.

सित्र्यात एक हेल्पर पहिल्याच दिवशी परांचीवरून पडून गेला, तेव्हा सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली होती. याला अजून काम येत नव्हतं, असं कुणीही म्हणालं नव्हतं.

इलियासने त्यांना बाजूला घेतलं. तोही वसईचाच, मन वाईट नव्हतं त्याचं. "अंकल, एक करू. बर्माच्या लढाईत गेला म्हणून वाचतो. कोण विचारायला येतंय?"

 हातातला चहाचा कप बर्नार्डनी इतक्या जोरात टेबलावर आदळला, की चहा इलियासच्या पांढऱ्या शर्टावर उडाला.

"खरं मरण चालत नाही होय तुम्हाला? त्याचं मरण आहे ते. तू कोण बदलणार?"

 आठवडाभर रेबेका समजावत होती, "आता जाऊ दे ना, पप्पा. इतकी वर्षं झाली." 

शुक्रवारी चर्च भरलं होतं. इलियास माइकवर नावं वाचत होता आणि प्रत्येक नावानंतर थोडा थांबत होता. अशाच एका थांब्यात बर्नार्ड बाकाला धरून उठले.

"ब्लेझ तुस्कानो. सरावात गेला."

माना वळल्या. इलियासने फादरांकडे पाहिलं. 

"आणि त्याच्याबरोबर पायलट होता. पंजाबकडचा. त्याचं नाव... आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

 इलियासने पुढचं नाव वाचलं. बर्नार्ड बसले नाहीत.  रेबेकाने उठून त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकला.

मग तीही बसली नाही. नावं संपेपर्यंत हात न लावता त्यांच्या शेजारी उभी राहिली.