खड्ड्यात उतरेल त्याचं कुलूप

नागऱ्याच्या रस्त्यावरच्या राइस मिलमध्ये २०१३ साली लाल कुलपं आली. नियम साधा होता. यंत्रात हात घालायचा तर आधी मेन स्विच बंद करून त्यावर आपलं कुलूप लावायचं, आपला फोटो असलेला टॅग टांगायचा, किल्ली स्वतःजवळ ठेवायची. दोघं उतरले तर कुलपं दोन.

बायकांमध्ये कुलूप एकट्या अल्काला मिळालं. धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरखालचा खड्डा ती साफ करायची. आधी ते काम कुसुमबाईचं होतं. गुडघे धरले तेव्हा फोरमन हेमेंद्र बिसेन यांनी तिला आवार झाडायला लावलं. अल्काला खड्डा तिनंच शिकवला होता.

टॅगवरच्या फोटोकडे कुसुमबाई येता-जाता पाहायची.

"लगनातबी एवढा चांगला फोटो नसन निघाला तुहा," ती एकदा म्हणाली.

"तुमचाबी काढतीन, मावशी."

"काढतीन. हार घालाले."

त्या शनिवारी अल्का खड्डा साफ करून वर आली आणि कचऱ्याची टोपली टाकायला मागे गेली. कुलूप अजून स्विचवर होतं. कुसुमबाईनं खड्ड्यात डोकावून पाहिलं. एलिव्हेटरच्या पट्ट्यामागच्या कोपऱ्यात कुजकं धान तसंच पडलं होतं. अल्काचं काम कच्चं आहे हे बिसेनला दाखवायला तेवढं पुरे होतं. कुणाला न सांगता, सुपली घेऊन ती खाली उतरली.

अल्का परतली. वरच्या मजल्यावरून बिसेन ओरडले, "कुलूप काढा, चालू करतो!"

तिनं किल्ली लावली, आणि खड्ड्यातून खोकला ऐकू आला. तिनं किल्ली न फिरवताच काढून घेतली.

"मावशी? निघा वर! आधी निघा!"

कुसुमबाई वर आली तेवढ्यात बिसेन जिना उतरून आले. "काऊन थांबून राहिल्या?"

"माही सुपली खाली राह्यली होती, भाऊ," अल्का म्हणाली. "मावशीनं वरून ओढून देल्ली."

बिसेन परत वळले. कुसुमबाईच्या तोंडावर धूळ होती, पण ती रोजच असायची. गप्प बसली असती तर काम टिकलं असतं. अल्काच्या उपकारावर टिकलं असतं.

"खोटं बोलून राह्यली थे. मी उतरली होती." सुपलीतलं धान तिनं बिसेनच्या पायाशी ओतलं. "हे इनं सोडलं. आन् उतरन त्याले कुलूप, तुम्हीच म्हणलं होतं. आता काढा माहा फोटो."

"पट्टा फिरला असता तर?"

"फिरला नाई न."

"तिनं कुलूप काढलं नाही म्हणून. उद्यापासून येऊ नका, बाई." मग ते अल्काकडे वळले. "तू पुन्हा उतर. कोपरा साफ कर."

अल्कानं कुलूप ओढून पाहिलं आणि मावशीकडे न पाहता खाली गेली. सुपली घासल्याचा आवाज येऊ लागला. कुसुमबाई दारातच थांबली होती.

"बसून कर, अल्के, बसून," ती ओरडली. "माह्या या गुडघ्यानं जमलं, तुले काऊन जमत नाई?"