चार फूट माती

"या झाडांना खायला काय घालणार?" नकाशावरून नजर न उचलता बाईंनी विचारलं.

बेचाळीस घरांची ती वसाहत म्हणजे वास्तुविशारद म्हणून माझं पहिलं मोठं काम. कुंपणालगत मी हिरव्या गोलांची लांबलचक रांग काढली होती. ते गोल तपासणं हे नगरपालिकेच्या उद्यान विभागातल्या या बाईंचं काम. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. प्रत्येक फाइल उकरत बसतात म्हणून कचेरीत त्यांना सगळे 'खोदकामबाई' म्हणत.

"माती आहे की," मी म्हणाले.

"किती? खाली पाण्याची टाकी तुम्हीच दाखवलीय. तिच्या स्लॅबवर दीड फूट माती, झाडाला लागते चार फूट. त्यात फार तर कोथिंबीर येईल."

मला राग आला. टाकी हलवायची तर एक घर कमी करावं लागणार, आणि बिल्डर ते ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. आढावा समितीची बैठक दोन दिवसांवर होती. ती हुकली की तीन महिने खोळंबा. मी सरळ बाईंच्या साहेबांकडे गेले. "मी समजावतो त्यांना," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचाच फोन आला. "तासभर वेळ काढा. एक जागा दाखवायचीय."

ती गावाच्या दुसऱ्या टोकाची अकरा वर्षं जुनी वसाहत होती. घरं नीटनेटकी, पण झाड औषधालाही नाही. कुंपणाकडेला नुसते तोडलेले बुंधे. बाईंनी पिशवीतून लोखंडी सळई काढली आणि एका बुंध्याशेजारी रोवली. हातभर आत गेली आणि टक्कन वाजली.

"सात वर्षं छान वाढली. मग एका वाऱ्यात हे आडवं झालं. टपाल वाटणारा खाली सापडला, पायानं अधू झाला. बाकीची लोकांनी भीतीपोटी तोडली."

"हे मंजूर कोणी केलं होतं?"

"मी." बाई सळई पुसत होत्या. "टाकी नकाशात होती. मी गोल मोजले, टाकी बघितलीच नाही. खापर वाऱ्यावर फुटलं आणि मी गप्प बसले."

तिथून आम्ही परतलो. मी ऑफिसात गेले, टाकी रस्त्याखाली सरकवली, त्या जागेसाठी कोपऱ्यातलं एक घर काढून टाकलं आणि बिल्डरला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "उद्या बैठकीत जुनाच नकाशा मांडायचा." मी बरं म्हणाले. नवा नकाशा गुंडाळून बरोबर नेला, एवढंच माझं धाडस.

बैठकीत बिल्डर म्हणाला, "दीड फुटात सगळेच झाडं लावतात. कुठं काय बिघडलंय?"

साहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या. त्यांनी जुन्या वसाहतीचं नाव घेतलं, टपालवाल्याचं घेतलं, आणि मग स्वतःचं घेतलं. "चूक माझी होती. इतिवृत्तात तसं लिहा," त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच होता, फाइल मागताना असायचा तसा. 

मी दुसरा नकाशा उलगडला.

एक्केचाळीस घरं मंजूर झाली. माझं नाव नकाशांवर आधीच चढलं होतं म्हणून हे काम माझ्याकडेच राहिलं. त्यानंतर बिल्डरनं मला दारात उभं केलं नाही. बाईंच्या सेवापुस्तकात ताशेरा आला. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी साहेब रजेवर होते, त्यामुळे निरोपाचे चार शब्दही कुणी बोललं नाही. बैठकीनंतर त्या टपालवाल्याच्या घरी जाऊन आल्या होत्या. 

पुढच्या वर्षी लागवडीच्या दिवशी बाई न बोलावता आल्या. माळ्यानं एकोणचाळीस खड्डे तयार ठेवले होते. "चार फूट आहेत ना?" बाईंनी विचारलं. "आहेत की," तो म्हणाला. त्याच्या शब्दावर विसंबतील तर त्या बाई कसल्या? चपला काढून त्या पहिल्या खड्ड्यात उतरल्या. कडा त्यांच्या छातीपर्यंत आली. त्यांनी टाचेनं चारी कोपऱ्यांत तळ दाबून पाहिला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हात दे."

मी आणि माळ्यानं मिळून त्यांना वर ओढलं. कपड्यांवरची माती न झटकताच त्या पुढे निघाल्या. अजून अडतीस खड्डे बाकी होते.