एका माणसाची जागा

धनराजला मंडईच्या आधी घरादाराचा फोटो काढायचा होता, आणि तो काढताना मधोमध एका माणसाची जागा रिकामी सोडायची होती. ही जागेची गोष्ट त्यानं बायकोला, रंजीताला सांगितली, फोटोवाल्या प्रफुलला सांगितली, आणि मायला मात्र ताकास तूर लागू दिली नाही. सरप्राईज म्हणे. गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात नोकरी लागल्यापासून या गड्याला सरप्राईजचं भारीच वेड लागलेलं.

मंडई म्हणजे भाजीबाजार समजू नका. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. लेकी, जावई, सोयरेधायरे सगळे येतात, दिवसा दुकानं, रात्री नाटक. गोंडपिपरीपलीकडच्या या गावात तर वर्षभर तोंड फिरवून बसलेली माणसंही त्या दिवशी एका पंगतीला जेवतात. त्या साऱ्या पाव्हण्यांसमोर मोठा फ्रेम केलेला फोटो उघडायचा आणि त्यात मायच्या शेजारी बाप उभा दिसायचा, असा धनराजचा बेत.

बाप, गुणवंतराव, धनराज पाळण्यात असतानाच तापानं गेला होता. घरात त्याचा एकही फोटो नव्हता, त्या काळी कोणाच्या घरी असायचे? पण गावात नाव होतं. "तुहा बाप स्टेजवर आला का मान्सायचे डोळे लवत नव्हते," असं म्हातारे सांगायचे. लहानपणी एकदा धनराजनं मायला विचारलं होतं, "माहा बाप नाटकात राजा व्हायचा का वो?" गुणाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. झालं. पोरानं बापाला सिंहासनावर बसवला तो बसवलाच. शाळेत कोणी बिनबापाचा म्हणून चिडवलं तर हा छाती काढून सांगायचा, माहा बाप राजा होता. आता चाळिशी जवळ आली तरी मनातून तो राजा उतरला नव्हता. एकदा तरी बापाशेजारी उभं राहावं, फोटोत का होईना, एवढीच त्याची इच्छा.

गावच्या नाटक मंडळाच्या खोलीत भिंतीवर एक जुना, काळा-पांढरा फोटो होता. मंडळाची सगळी नटमंडळी त्यात होती, खाली नावं मात्र नव्हती. धनराज या वर्षी पहिल्यांदाच तो नीट बघायला गेला. काचेवर धुळीचा हा थर, फक्त डावीकडचा एक कोपरा लख्ख पुसलेला. त्या कोपऱ्यात लुगडं नेसलेली, केसांत फूल माळलेली, कमरेवर हात ठेवून उभी असलेली नाटकातली बाई. कोणा चावट पोट्ट्यानं तेवढीच पुसलेली दिसते, म्हणून धनराज गालात हसला आणि बाकीची काच रुमालानं पुसली. मधोमध राजा बसला होता. डोक्यावर मुकुट, मिशीला पीळ, नजर अशी की समोरच्यानं खाली बघावं. बापच. आता यात विचारायचं ते काय? त्यानं मोबाइलमध्ये फोटो घेतला आणि प्रफुलला पाठवून दिला.

"एआयनं रंग भरतो धनराजभाऊ," प्रफुल म्हणाला. "मुकुट काढून फेटा घालतो, अंगात सूट चढवतो, बसलेला मानूस उभा करतो. तुमी फक्त जागा सोडा."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेतातच फोटो काढायचे ठरले. धान पिवळं पडलेलं, मागे बोडीचं, म्हणजे शेततळ्याचं पाणी आणि मोहाचं झाड. घरात त्या सकाळी जी धांदल उडाली ती लग्नातही उडाली नसेल. रंजीतानं सगळ्यांना मोरपंखी रंग ठरवला होता. धनराजचा कुर्ता मोरपंखी, पोरीचा, दिव्यानीचा घागरा मोरपंखी, तिची स्वतःची साडी मोरपंखी, आणि सासूसाठीही तसलीच साडी इस्त्री करून पलंगावर ठेवलेली. धनराजची दाढी दोनदा कोरून झाली, दिव्यानीची वेणी तीनदा सुटली. सगळे तयार होऊन अंगणात आले, तर गुणाबाई आतून आली ती डाळिंबी रंगाचं जुनं लुगडं नेसून. करवती काठाचं. काठावर करवतीचे दात विणलेले असतात ते. रंग विटलेला, घड्यांच्या रेघा अंगावर उमटलेल्या.

रंजीता बघतच राहिली. "आई, हे काऊन नेसल्या? तुमची साडी काढून ठेवली न मी."

"नेसन त हेच," गुणाबाई म्हणाली. "नाई त तुमी जाऊन या. मी भात टाकते."

आता गुणाबाई काही हट्टी बाई नव्हे. सून म्हणेल तेच ती खाते, लेक म्हणेल तिकडे ती जाते. तिनं असं तोडून बोललेलं घरात कोणी ऐकलं नव्हतं. रंजीतानं नवऱ्याकडे पाहिलं.

"जाऊ दे," धनराज हळूच म्हणाला. "कम्प्युटरवर रंग बदलता येते."

शेतात प्रफुलनं सगळ्यांना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं केलं. "बाई, तुमी जरा इकडं सरका. धनराजभाऊ, तुमी तिकडं. मधात एका मान्साची जागा सोडा."

"ही जागा कोनाची?" गुणाबाईनं विचारलं.

"मांगच्या मोहाची," धनराज म्हणाला. "झाड दिसलं पाह्यजे न."

गुणाबाईनं झाडाकडे पाहिलं, जागेकडे पाहिलं. तिनं पदराचा काठ दोन्ही हातांनी पोटासमोर धरला होता. "हात खाली सोडा बाई," प्रफुल पुन्हा पुन्हा सांगत होता आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. शेवटी त्यानं हात टेकले आणि तसेच फोटो काढले.

मंडईचा दिवस उजाडला. अंगणात पाव्हण्यांची ही गर्दी. रंजीताचे मामा आले, धनराजचे चुलते आले, मागच्या आळीतला मुखरूभाऊ त्याच्या बायकोला, मीराबाईला घेऊन आला. मुखरूभाऊ म्हणजे पाठीत वाकलेला, दातांचा पत्ता नाही, काठीशिवाय पाऊल नाही. धनराजनं सगळ्यांना गोळा केलं, मायला चुलीपुढून हाक मारून आणलं आणि खुर्चीवर ठेवलेल्या फ्रेमवरची चादर ओढली.

प्रफुलनं काम मात्र फक्कड केलं होतं. पिवळं धान, मायसकट सगळी मोरपंखी माणसं, आणि मधे फेटा बांधलेला, सूट घातलेला, मिशीचा पीळ ताठ ठेवलेला रुबाबदार गडी, असा की आत्ताच धुऱ्यावरून चालत आला असावा.

गुणाबाईनं हात पुसत पुसत पाहिलं. मग तिनं पदर कपाळावरून नाकापर्यंत खाली ओढला आणि फोटोकडे पाठ केली.

धनराज तिच्याजवळ गेला. "माय," तो म्हणाला, "बाबा हायत."

"कोन बाबा?" पदराच्या आतून आवाज आला. "मुखरूभाऊ हाय तो."

धनराजला आधी वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. तेवढ्यात मीराबाई गर्दीतून पुढे आली, डोळे बारीक करून फोटोच्या अगदी जवळ गेली.

"हा त आमचा बुढा," ती म्हणाली. "गुणाबाई, माहा बुढा तुह्या बाजूनं काऊन उभा हाय?"

हसावं की गप्प बसावं हे कोणाला कळेना. रंजीता ताट हातात घेऊन जागच्या जागी थिजली. मुखरूभाऊ काठी टेकत टेकत आला, सुटाबुटातल्या जवान मुखरूला त्यानं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मीच होय," तो म्हणाला. "पर ही मिशी माही नोहे. गोंदानं चिपकवली होती."

धनराज मुखरूभाऊकडे बघू लागला. इतक्या वर्षांत या म्हाताऱ्याला त्यानं रोज पाहिलं होतं, कधी तंबाखू दिली होती, कधी रस्त्यातून बाजूला सरक म्हणून दटावलंही होतं. तो त्याचा राजा.

"मंग माहा बाप?" त्यानं विचारलं. "तो नव्हता का त्या फोटोत?"

"असं कसं? डाव्या हाताले उभा हाय न," मुखरूभाऊ म्हणाला. "राणी कोन होतं मंग? तवा आमच्या नाटकात बाया कुठी येत होत्या? तुहा बाप लुगडं नेसून निंगाला का गावातल्या बाया त्याले पाहून चालणं शिकत होत्या."

कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं, बहुतेक रंजीताचे मामा. धनराज मटकन ओट्यावर बसला. कमरेवर हात ठेवलेली ती बाई. तिला बघून तो स्वतः हसला होता, चावट पोट्ट्यानं पुसली म्हणून. राग कोणावर काढावा हेही कळेना, तेव्हा तो मायवर निघाला.

"तू मले सांगतलं काऊन नाई?"

गुणाबाईनं पदर वर केला. "तू इतकासा होता. राजा व्हायचा का म्हून विचारलं, अन् तोंड असं फुललं होतं तुहं. माह्यानं नाई म्हणवलं नाई. मंग तूच गावभर सांगत फिरला. मंग कवा सांगू?"

पाव्हणे जेवायला बसले, मुखरूभाऊलाही वाढलं, फ्रेमवर पुन्हा चादर पडली. रंजीतानं नवऱ्याला आत ओढलं. ती हुशार बाई, तिनं तेवढ्यात तोड काढली होती.

"मी काय म्हणते, चेहरा तेवढा घेऊ. अंगावर शर्ट-पँट चढवाले सांगू प्रफुलभाऊले. कोनाले कळते?"

धनराजला ते एकदम पटलं. कोणालाही पटलं असतं. बापही फोटोत येतो आणि चारचौघांत मानही खाली जात नाही. जेवणही न करता तो मंडळाच्या खोलीकडे निघाला. बाहेर पाळणे फिरत होते, भजी तळली जात होती, रात्रीच्या नाटकाचा भोंगा ओरडत होता, आणि याला वाटत होतं, रस्त्यातला प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघून राहिला आहे.

खोलीत कोणी नव्हतं. फोटोच्या काचेवर त्यानं स्वतः रुमालानं काढलेल्या धुळीच्या रेघा तशाच होत्या. डाव्या कोपऱ्यावर मात्र ओल्या फडक्याचा ताजा माग होता, आणि फ्रेमच्या त्या टोकाला शेवंतीचं एक फूल खोचलेलं. सकाळचंच. त्यांच्या अंगणातल्या झाडाचं. धनराज त्या फुलाकडे बघत उभा राहिला. सणावाराला, आणि मंडईच्या दिवशी तर घर पाव्हण्यांनी भरायच्या आत, माय देवळात जाऊन येते म्हणून बाहेर पडायची. देऊळ या खोलीच्या पुढेच होतं.

त्यानं मोबाइल धरला आणि कोपरा मोठा केला. आधी चेहरा आला. तोंडाला फासलेल्या रंगाच्या थराखालून त्याची स्वतःची हनुवटी, स्वतःचे कान त्याच्याकडे बघत होते. मग केसातलं फूल, मग कमरेवरचा हात, मग लुगड्याच्या निऱ्या, एकीवर एक, जणू पट्टी लावून घातलेल्या. आणि काठ. काठावर करवतीचे दात.

त्यानं मोबाइल खाली घेतला. काचेला नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन तो काठ पुन्हा पाहिला.

"लग्नाचं हाय माह्या," मागून गुणाबाई म्हणाली. ती कधी येऊन दारात उभी राहिली, त्याला कळलंच नव्हतं. "नाटकाच्या दिवशी मी त्याले देत होती. गेला तवा त्याचे कपडे सारे देऊन टाकले घरच्यानं. हे माहं म्हून राह्यलं."

धनराजनं मोबाइल खिशात ठेवला.

"तुमी साऱ्या घराचा फोटो काढून राह्यले होते," ती म्हणाली. "म्हटलं, त्यालेही घ्यावं."

म्हणजे धुऱ्यावर दोघंही एकाच माणसाला फोटोत आणायच्या खटपटीत होते. लेकानं जागा सोडली होती आणि आईनं त्याला अंगावर नेसून आणलं होतं, काठ दिसावा म्हणून पदर पुढे धरला होता. आणि त्याच काठाचा रंग आपण कम्प्युटरवर बदलून टाकला होता, हे आठवून धनराजला रडू फुटलं. मोठा माणूस, पण लहान पोरासारखा रडला. गुणाबाईनं त्याला रडू दिलं.

मग त्यानं तिथूनच प्रफुलला फोन लावला.

"त्या राजाले काढ फोटोतून. डाव्या कोपऱ्यातली बाई टाक."

"बाई?" प्रफुल गोंधळला. "कोन हाय भाऊ ते?"

धनराजनं मागे वळून पाहिलं. दारात माय उभी होती, बाहेर सारं गाव होतं.

"माहा बाप हाय," तो म्हणाला.

मग प्रफुल चाचरत म्हणाला, "मंग शर्ट-पँट चढवू का?"

"काई चढवू नको. लुगडं हाय तसंच राहू दे. अन् मायच्या लुगड्याचा रंग होता तसा कर, तोच त्याले दे. काठ नीट दिसला पाह्यजे दोघाईचा."

नवा फोटो आला तेव्हा पाव्हणे पांगले होते. धनराजनं तो बैठकीतच लावला, दारातून येणाऱ्याला पहिला दिसेल असा. रंजीता थोडी घुटमळली, पण खिळा तिनंच धरून दिला. गुणाबाई समोर येऊन उभी राहिली. पदर तिनं डोक्यावरून जराही पुढे ओढला नाही. ती तिथं म्हातारी झालेली होती आणि तो तिच्या शेजारी जवान, दोघांच्या अंगावर एकच डाळिंबी लुगडं.

"पाह्य बाबू," ती म्हणाली, "अजूनही निऱ्या माह्यापेक्षा त्याच्याच चांगल्या हायत."