दोन सेकंदांची ओळ

"सापडली!" सुधन्वा खुर्चीतून उठलाच. "या, बघा तुमच्या मैत्रेयीचे प्रताप!"

गुडगावच्या त्या ऑफिसात सगळ्यांनी माना वळवल्या. इतका आनंद सुधन्वाला कित्येक दिवसांत झाला नव्हता. औषधं घरपोच पाठवणाऱ्या त्या कंपनीचा सर्व्हरवरचा सगळा जावास्क्रिप्ट कोड त्यानं एकट्यानं लिहिला होता, तोही एकाच अवाढव्य फाइलमध्ये. कुठं काय आहे, ते फक्त त्यालाच ठाऊक. काही बंद पडलं की फोन त्यालाच. दिल्लीत, आर. के. पुरमच्या गणपतीत दरवर्षी ऐन आरतीत त्याचा फोन वाजायचा, तो टाळ खाली ठेवून बाहेर पळायचा आणि बायका त्याच्या बायकोला, उत्तराला, म्हणायच्या, "बाई गं, यांच्याशिवाय ऑफिसचं पान हलत नाही वाटतं!" तो वरवर कपाळाला आठ्या घालायचा. आतून नुसत्या गुदगुल्या व्हायच्या.

मग पुण्याहून ही मैत्रेयी आली. काल आलेली पोर! तिनं त्या फाइलचे लहान लहान तुकडे केले, प्रत्येकाला सरळ नाव दिलं, प्रत्येकाला तो नीट चालतो का हे तपासणारी टेस्ट जोडली. आता कोणीही उघडावं, वाचावं, दुरुस्त करावं. सुधन्वाचा फोन वाजायचा थांबला आणि त्याचा जळफळाट सुरू झाला. तिचं हसणं, तिचा डबा, साहेबांचं ते "मैत्रेयी, कमाल है यार", सगळंच त्याला डाचायचं. म्हणून तर तो आठवडाभर तिच्या कोडात खोट शोधत बसला होता.

"पैसे घेण्याआधी सर्व्हर दोन सेकंद नुसता थांबतो!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "लोक ओरडतायत ना, स्लो आहे म्हणून? हे बघा कारण! याला काय अर्थ आहे?"

मैत्रेयी त्याच्या स्क्रीनपाशी आली. ओळ बघून अवघडली.

"सर, ही तुमचीच आहे," ती हळूच म्हणाली. "मी फक्त उचलून इकडे ठेवली. का आहे ते कळलं नाही. पण तुम्ही लिहिलीय म्हणजे काहीतरी कारण असणारच, म्हणून हात नाही लावला. सांगा ना, का लिहिली होतीत?"

सुधन्वानं डोकं खाजवलं. छे! काही केल्या आठवेना.

"काढून बघ," तो म्हणाला.

तिनं ओळ पुसली, टेस्ट चालवल्या. देवा, एखादी तरी नापास होऊन लाल येऊ दे, तो मनात म्हणाला. सगळ्या हिरव्या आल्या. काहीच बिघडलं नाही.

"थँक्यू सर," मैत्रेयी म्हणाली. मनापासून म्हणाली, हेच त्याला जास्त झोंबलं.

संध्याकाळी गणपतीत आरती सुरू झाली, रंगली, संपत आली. उत्तरानं दोनदा वळून पाहिलं.

"आज फोन नाही?"

"नाही."

मंत्रपुष्पांजली सुरू झाली. सगळे एका सुरात म्हणू लागले. सुधन्वा नुसते ओठ हलवत राहिला. ती त्याला पाठ नव्हती. इतक्या वर्षांत तो तिथवर कधी थांबलाच नव्हता.