टर्कीच्या पोटातली डबी

पैज लागली ती नळाच्या रांगेत. रेल्वेतले गार्ड फ्रान्सिसबाबू तोंड पाडून सांगत होते का दरवर्षी त्यांची नाताळाची टर्की ज्या बेकरीच्या भट्टीत भाजून मिळे, ती भट्टीच यंदा खचली. पक्षी घरी येऊन पडला, आता भाजावा कुठं? त्यांच्या आईच्या, मार्थाआजीच्या तोंडात एक दात नव्हता. टर्की लोण्यासारखी मऊ झाली तरच तिच्या घशाखाली उतरणार, अन् त्या घरात पहिला घास तिचाच.

देवरावची जीभ खाजवली. सीताबर्डीत त्याचं कपड्याचं दुकान होतं, पण खरा धंदा लोकायच्या टोप्या उडवायचा. तो म्हणाला, आपण पानात गुंडाळून कणकीचे पानगे भाजतो तशी टर्की भाजून देतो, गोवऱ्यायच्या आरात, धगधगत्या निखाऱ्यात. शेजारच्या रुपरावनं लगेच टांग अडवली. सुकून चामडं होईन, नाही तर आतून कच्ची राहीन, म्हणे. झालं, ठरलं. टर्की अख्खी, न फुटता, मऊ अन् रसदार वाढता आली तर रुपराव हरला, नाही तर देवराव. हरणाऱ्यानं टर्कीची पिसं कमरेले बांधून, रविवारी व्हरायटी चौकातून टर्कीसारखं ओरडत जायचं.

नाताळाच्या सकाळी फ्रान्सिसबाबूच्या अंगणात खड्डा खणला. देवरावनं वाकून वाकून टर्कीले आतबाहेर लोणी चोळलं, पोटात पाव, कांदा अन् संत्र्याच्या फोडी ठासल्या, पोट शिवून टाकलं. वरून कणकीचं जाड पांघरूण, म्हणजे आतला रस आतच. त्याच्यावर पळसाची पानं, ओलं पोतं. खाली आर, वर आर, त्याच्यावर माती. घरची माणसं चर्चले गेली. रुपराव खड्ड्यापाशी खाट टाकून पहाऱ्याले बसला. मधातच उघडला का पैज गेली.

देवरावनं हात धुतले, तंबाखू तळहातावर घेतला अन् चुन्यासाठी बंडीच्या वरच्या खिशात बोटं घातली.

खिसा रिकामा.

तंबाखू तसाच मुठीत राहिला. डबी पितळेची, झाकण केव्हाचंच ढिलं. त्यानं खड्ड्याभवतालची माती हातानं चाळली. घरी पळाला, गाद्या उलट्यापालट्या केल्या. बायको पंचफुला म्हणाली का सकाळी खिशात टाकतानी तिनं आपल्या डोळ्यानं पाह्यली होती. देवराव उंबऱ्यावरच बसला. एकदा जराकसा जास्तीचा चुना लागून त्याची जीभ पोळली होती, तर पाणीही गिळवत नव्हतं. अन् त्याची जीभ म्हणजे गेंड्याची. म्हातारीची कशी असणार?

तो रुपरावजवळ आला अन् हळूच सांगितलं का वाकतानी डबी टर्कीच्या पोटात पडली असन.

रुपराव खाटेवरून उठलाही नाही. "शिमग्याले तू म्हणला होता, नळाले दूध येऊन राहिलं. माही बायको भगुनं घेऊन उभी होती, देवराव."

"आईची शपथ, रुपराव."

"दुधाच्या वक्ताले आईचीच घेतली होती."

देवराव खड्ड्याकडे पाहत राहिला. आता उघडावं तर मांस अर्धं कच्चं, दुसरा पक्षी नाही, अन् म्हातारी वर्षभर वाट पाहून राहिलेली. न उघडावं तर? अन् डबी तिथं नसलीच तर? पण असली, अन् झाकण निघालं असलं, तर अख्खा मोहल्ला काय म्हणणार हे त्याले पाठ होतं. देवरावनं गंमत केली म्हणणार. गंमत करता करता म्हातारी मारली. मातीतून वाफेचा बारीक धागा निघून राहिला होता, लोण्याचा असा वास, का एरवी त्याच्या तोंडाले पाणी सुटलं असतं. आज त्यानं तोंड फिरवलं.

माणसं परतली. खड्डा उघडला, कणकीचा गोळा टेबलावर गेला. फ्रान्सिसबाबूनं बत्त्यानं कवच फोडलं, तर आत टर्की सोन्यासारखी, रस पाझरून राहिलेला. पाहुणे वा वा करू लागले.

"खाऊ नका गा," देवराव म्हणाला. "याच्या पोटात माही चुन्याची डबी हाय."

सगळे हसले. मार्थाआजीही हसली, बोळक्या तोंडानं. डोळे मिटून प्रार्थना झाली. डोळे उघडे होते ते एकट्या देवरावचे. मंग फ्रान्सिसबाबूनं पोटाची शिवण कापली अन् सगळ्यात मऊ म्हणून आतलं सारणच चमचाभर आईच्या ताटलीत वाढलं. आजीनं चमचा उचलला.

देवरावनं ताटली उडवली. चमचा भिंतीवर आपटला. कोणाले काही कळायच्या आत त्यानं दोन्ही हात टर्कीत घातले, चटके बसत होते तरी ती उभी फाडली. फ्रान्सिसबाबूनं त्याची गचांडी धरली, तेवढ्यात डबी टणकन् फरशीवर पडली. झाकण नव्हतं. आतलं सारण एका बाजूनं पांढरं झालेलं.

फ्रान्सिसबाबूनं गचांडी सोडली. आजीचा रिकामा हात तसाच वर होता.

छातीचं मांस पोटापासून दूर, स्वच्छ दिसत होतं. पण आता त्याच्यावर भरोसा कोण ठेवणार? देवरावनंच आधी तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला, अन् सगळ्यायच्या समोर भिंतीले टेकून बसला. त्याच्या तोंडाकडे सगळे पाहत राहिले. बऱ्याच वेळानं आजी म्हणाली, "आता मलेही दे." तिनं हिरड्यानं दाबून पाह्यलं. "मऊ हाय रे," ती म्हणाली, अन् अजून मागितलं.

रुपरावचा चेहरा उतरला होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला का टर्की मऊ तर झाली, सोडून देऊ पैज.

"अख्खी ठरली होती, गा," देवराव म्हणाला. "मीच तर फाडली."

रविवारी व्हरायटी चौकात ही गर्दी. देवराव कमरेले पिसं बांधून, मान पुढंमागं करत, गुलुगुलु ओरडत निघाला, आपल्याच दुकानासमोरून. लोक विचारून राहिले का पोळा होऊन इतके महिने झाले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवायचा हा बडग्याचा पुतळा आता काहून निघाला? पोट्टे मागून ओरडत होते. रुपराव बाजूनं चालत होता, पण त्याले हसू येत नव्हतं. देवराव मात्र पूर्ण चौकभर ओरडला, जोरानं, काही कमी केलं नाही. फक्त दर चार पावलाले त्याचा हात खिशाकडे जाय, अन् सुतळीनं गच्च बांधलेली डबी जागेवर हाय का पाहून परत येय.